फायटर न विकणारा माणूस

मी लेखक नाही, तरी लिहायचं धाडस करतोय, माफ करा. परभणीच्या शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातल्या त्या वयस्कर नोकराचं नावही मला ठाऊक नाही. नव्या टाकीसाठी मी बेट्टा, म्हणजे फायटर मासा मागितला. त्यांनी जुन्या फिल्टरमधला मळका स्पंज माझ्या हातात ठेवला.

"धुवू नको, पोरा. ह्यातले जंतू माशाची घाण पचवतेत. कोऱ्या पाण्यात मासा मरतो. ह्यो टाकीत सोड, रोज चिमूटभर खाद्य टाक, त्येच्यावर जंतू जगतेत. मासा न्यायला महिन्यानं ये."

मालक खेकसला, "गिऱ्हाईक परत धाडायलास व्हय रे?"

मान ताठ ठेवून ते म्हणाले, "मरायला मासा देणार न्हाई मी."

महिन्यानं गेलो, तर ते नव्हते. परवा मित्राकडून कळलं: मला मासा नाकारला त्याच दिवशी मालकानं त्यांना काढलं होतं, आणि आता त्याच दुकानासमोर ते स्वतःच्या टाक्या मांडून बसलेत.