ताईची जर्मन संथा

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी दूधविनायकच्या आमच्या घरून फोन आला, "ताई गेली..." आणि मला आधी आठवली ती तिची जर्मनची तोंडी परीक्षा. भर दुःखात मी हसलो. माझी थोरली बहीण एवढं नक्की माफ करील.

नव्वदच्या दशकात ताईनं विद्यापीठात संस्कृतला जोडविषय म्हणून जर्मन घेतलं, तेव्हा अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आमचे वडील वैदिक. रामघाटावरच्या पाठशाळेत जन्मभर मुलांना संथा दिली, पोटच्या पोरीला मात्र एक ऋचा शिकवली नाही. "फेल झालीस तर हा विलायती झमेला बिलकुल बंद," त्यांनी बजावलं. ताईला तर पुढे जर्मनच शिकवायचं होतं.

तिला पाठांतराची एकच रीत ठाऊक होती, दाराआडून ऐकलेली. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा. रोज सकाळी जर्मनचा धडा घेऊन ती एकटीच गुरू आणि शिष्य दोन्ही व्हायची आणि मी तिची नक्कल करून तिला पिडायचो. एकदा तिचा एक शब्द गळला, तर देवघरातून अण्णांचा आवाज आला, "काल इथे अजून काहीतरी होतं." जर्मनचं अक्षरही न कळणाऱ्या माणसाचा हा कान!

परीक्षकांनी जर्मनमध्ये विचारलं, तुझं नाव काय? घाबरलेल्या ताईनं तोच प्रश्न खणखणीत सुरात दोनदा म्हणून दाखवला. पुढच्या प्रश्नाचंही तेच. परीक्षकांना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. दुसरी कुणी रडली असती... ताईनं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्यांना संथा म्हणजे काय ते समजावलं. पाठशाळा, अण्णा, दाराआडची आपली जागा, सगळं. त्यातलं एकही वाक्य पाठ केलेलं नव्हतं. ती पास झाली.

घरी येऊन तिनं हे सगळं सांगितलं. अण्णा म्हणाले, "उद्यापासून माझ्यासमोर पाटावर बस." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला पहिली ऋचा दिली. आमच्या घरात असं कधी घडलं नव्हतं, आणि ते माझ्या बहिणीनं घडवलं. मला याचा फार अभिमान आहे.

पुढे तिनं त्याच पाटावर बसून, संथेच्याच रीतीनं, वर्षानुवर्षं जर्मन शिकवलं. तेराव्यानंतर तिच्या विद्यार्थिनी भेटायला आल्या आणि नेहमीच्या जागी बसल्या. पाट रिकामा. सगळ्यांच्या माना खाली. नक्कल करता करता शिकलेलं एकच जर्मन वाक्य मला येतं, ते मी म्हणालो. तुझं नाव काय?

सगळ्यांनी ते दोनदा म्हटलं. मग एकेकीनं मान वर करून आपापलं नाव सांगितलं.