अडलेलं पान

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला भडगावच्या विहारातली ती पावसाळी संध्याकाळ आठवते. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वर्षावासाच्या तीन पावसाळी महिन्यांत विहारात रोज ग्रंथवाचन चाले आणि वाचायला बसत माझ्या सासूबाई, कारण वस्तीतल्या बायकांत प्रौढशिक्षणाच्या वर्गात वाचायला सगळ्यांत आधी त्याच शिकल्या होत्या. आवाज खणखणीत, पण शेजारीच राहणाऱ्या धाकट्या जावेशी मोरीच्या पाण्यावरून चार वर्षं अबोला. त्या दिवशी मनातलं वैर सोडण्याबद्दलचं पान आलं. पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता. दोन ओळी वाचून सासूबाई एकदम थांबल्या. “अक्का, अक्षर दिसत नाही का?” एका बाईने विचारलं. “दिसस ना माय, म्हनीसनच वाचता येत नही,” असं म्हणून त्यांनी उघडा ग्रंथ माझ्या मांडीवर ठेवला आणि भर पावसात निघून गेल्या. उघड्या दारातून वारा आला आणि बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती विझली. थोड्या वेळाने त्या आल्या त्या जावेचा हात धरूनच. दोघी चिंब भिजलेल्या, धाकटीच्या बोटांना अजून पीठ. “भाकरीबी करू दिधी नही इनी,” ती कुरकुरली आणि अख्खा विहार हसला. सासूबाईंनी तिला जवळ बसवून तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आता वाचायला मी बसते. पानं फार भरभर उलटायला लागले की थांबून स्वतःला विचारते, कुणाला बोलवायला जायचं राहिलंय का?