कॉटला लागून पाळणा

रोह्याच्या आमच्या घरात पाळणा टांगायची कडी एकच होती, आणि ती सासूबाईंच्या खोलीत होती. मधल्या खोलीत सागाची तुळई, तुळईला लोखंडी कडी आणि बरोबर तिच्याखाली सासूबाईंची कॉट. आमची खोली नंतर बांधलेली, नवऱ्याच्या कंपनीच्या पगारातून, वर स्लॅब. स्लॅबला भोक पाडायचं नाय, पावसात गळेल, असं सासूबाईंनी मला सातवा महिना लागला तेव्हाच सांगून टाकलं. मी काही विचारलंही नव्हतं. पण मी काय ते समजले. पाळणा त्या कडीला टांगला की मूल त्यांचं.

त्या घरात माझं म्हणून काही नव्हतं. भांडी त्यांची, कपाटाच्या चाव्या त्यांच्या, नवरासुद्धा आधी त्यांचा मग माझा. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, सगळ्यांच्याच घरी तसं होतं. पण पोटातलं तरी माझ्या हाताशी राहावं, एवढा एक हट्ट मी मनात धरला होता.

पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून मी हमरापूरला आले आणि आषाढात पेणच्या एका खाजगी दवाखान्यात मला मुलगी झाली. सिझर झालं. उठता येईना, कुशीवर वळता येईना. पण तिथं खाटेला लागून एक छोटा लोखंडी पाळणा होता. पाळणा कसला, चार पायांची पेटीच ती. खाटेकडची बाजू खाली पाडली की बाळाची गादी आणि आपली गादी एका पातळीत यायची. टाके ओढ घेत होते तरी नुसता हात लांब केला की तिचं पोट हाताला लागायचं. सात दिवस मी तशी झोपले. तेवढी शांत झोप मला त्याआधी लागली नव्हती आणि नंतरही लागली नाही.

मी आईला म्हटलं, "माहेरचा पाळणा द्यायचाच हाय ना? मग मला असला दे."

माहेरी तेव्हा गणपतीच्या कामाचा ऐन हंगाम होता. ओटीपासून परसापर्यंत मूर्तीच मूर्ती, पाय टाकायला जागा नाही. आई डोळ्यांची आखणी करायची, म्हणजे तिच्याशिवाय एकही मूर्ती पुढं सरकायची नाही. तरी बिचारी अर्धा दिवस काम टाकून पेणच्या बाजारात जाऊन आली. तिथं सगळे टांगायचे नाहीतर स्टँडवर झुलणारे. एका दुकानदारानं तर विचारलं, न हलणारा पाळणा घेऊन करायचंय काय? शेवटी तिनं गावातल्या सुताराला गाठलं. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढून दिलं. नवऱ्यानं रोह्याहून आमच्या कॉटची उंची चिठ्ठीवर लिहून आणली, सतरा इंच. नीट मोजून आणली, गादीसकट आणि गादीशिवाय, दोन्ही. माणूस तेव्हा माझ्या बाजूचा होता. चिठ्ठीपुरता होता, पण होता.

सुतारानं चांगलं काम केलं. तिन्ही बाजूंनी गज, चौथी बाजू बिजागरीवर खाली पडणारी, कॉटला अडकवायला दोन मजबूत कड्या. कुठं कुसळ लागू नये म्हणून आईनं स्वतः पॉलिशपेपर घेऊन घासला. मी त्यात पोरीला ठेवलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं होतं, उगाच दुसरं काही सांगणार नाही.

बारसं महिन्यानं ठरलं होतं, त्याच्या आठवडाभर आधी सासूबाई बाळ बघायला आल्या. आधी पोरीला घेतलं, नाकडोळे बघितले, आमच्यावर गेली म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष गेलं.

"हे काय ठेवलंय?"

"पाळणा," आई म्हणाली. "कॉटला लावायचा. तिला वाकता येत नाय ना अजून."

"याला पाळणा म्हणतात? कोंबड्या ठेवतात असल्या खोक्यात. हलत नाय, झुलत नाय. बारशाला बाया काय याच्याखालनं पोर देतील?" मग आईकडं बघून हळूच, अगदी गोड आवाजात, "तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. आमच्या घरी कडी हाय, पाळणा आम्ही घेऊ. लोकांना काय सांगायचं ते बघू."

संपलं. गणपतीचे डोळे काढताना जिचा हात कधी हलला नाही, ती माझी आई त्या एका वाक्यानं गळाली. "नाय नाय, तसं कसं," म्हणाली. "पाळणा आमच्याकडनंच येईल." दुसऱ्या दिवशी पेणहून पितळी साखळ्यांचा, जाळीचा, वर पोपट लावलेला पाळणा आला. मी भांडले. टाके तुटतील इतकी भांडले. मी म्हटलं, "अगो, तू पाळणा नाय देत, पोर देऊन टाकतेस माझी." आई म्हणाली, "तुला नांदायचं हाय तिथं. एक पाळणाच तो. तुझा हा ठेवते नीट, पुढच्या खेपेला ने." पुढची खेप आलीच नाही. पुढच्या वर्षी मी गेले तर त्यात रंगाचे डबे होते.

आपलेच दात नि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? पण आईवरचा तो राग माझा अजून गेलेला नाही. सासूचं काय, ती परकी.

सव्वा महिन्यानं सासूबाई न्यायला आल्या, गाडी करून रोह्याला निघालो. वाटेत गडबला चहाला थांबलो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आण इकडं, तू चहा घे." मी पोरीला दिली. चहा संपला, नागोठणं गेलं, रोहा आलं, पोरगी त्यांच्याच मांडीवर. घरात शिरल्या त्या सरळ मधल्या खोलीत. दिरानं पाळणा आधीच टांगून ठेवला होता.

तरी मी म्हटलं, रात्री माझ्याजवळ घेईन. तर नवऱ्याची तिसरी शिफ्ट लागली. तो सकाळी येऊन दुपारपर्यंत झोपायचा. पोर रडली तर त्याची झोप मोडेल, झोप मोडली तर कंपनीत मशीनवर काय होईल, नको बाई, सासूबाई म्हणाल्या. म्हणून दिवसा ती मधल्या खोलीत. आणि दिवसा जिथं निजली तिथंच रात्री, उगाच जागापालट कशाला? तिसरी शिफ्ट संपून पहिली आली, पाळणा काही हलला नाही. मला हाक यायची, "पाजायला ये गो." मी दुधाचा रतीब घालायला गेल्यासारखी जायची, पाजायची, परत यायची. एकदा नवऱ्याला म्हटलं, आणू या ना तिला आपल्याकडं. तो म्हणाला, "आई काय वाईट करते का तिचं?"

नाही, वाईट नाही केलं. खोटं कशाला बोलू? पोरगी गुटगुटीत झाली. तापात सासूबाई उभ्या राहून रात्र काढायच्या, त्यांचे गुडघे सुजायचे. त्यांचा जीव होता तिच्यावर, खरा होता. तोच तर माझा घात झाला. वाईट केलं असतं तर चार लोकांत तोंड उघडता तरी आलं असतं.

पोर बोलायला लागली. नवरा नि दीर सासूबाईंना आई म्हणायचे, ती पण आई म्हणायला लागली. दीर मला वयनी म्हणायचा, शेजारचे वयनी म्हणायचे, मग मी तिची वयनी झाले. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा घरात काय हसले सगळे. मी पण हसले. नंतर एकटीला बसवून तिला शिकवायची, आई म्हण, मला आई म्हण. ती माझ्याकडं बघायची नि म्हणायची, "आई तिकडं हाय." पाळणा सुटला तर ती सासूबाईंच्या कॉटवर निजायला लागली. शाळेच्या वह्यांवर सही माझी, वेणी त्यांच्या हातची.

ती आठवीत असताना सासूबाई गेल्या. आठ दिवसांचं दुखणं, जास्त त्रास झाला नाही. बाया जमल्या. पोरगी धाय मोकलून रडत होती, तेव्हा शेजारणीनं तिला पोटाशी धरलं नि म्हणाली, "रडू नको गो, तुझी आई हाय ना." पोरगी म्हणाली, "आईच गेली माझी." शेजारणीनं माझ्याकडं बघितलं. बाकीच्यांनी बघायचं टाळलं.

मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात. मी धरला. आणि तेवढ्यात, लाज वाटते सांगायला, मनात असंही आलं की आता तरी.

तेराव्याला जेवणं उरकून पाहुणे गेले. मी सतरंज्यांच्या घड्या घालत होते. पोरगी दारात येऊन उभी राहिली. परक्या घरी मुक्कामाला आलेली मुलगी विचारते ना, अगदी तशी, संकोचून तिनं विचारलं, "वयनी, आता मी कुठं झोपू?"

तेरा वर्षं ज्या एका प्रश्नाची वाट बघितली, तो असा आला. माझ्याजवळ ये, एवढे दोन शब्द होते. ते मी उच्चारले नाहीत, कारण ती नाही म्हणाली असती तर मला पुढं जगता आलं नसतं.

मी म्हटलं, "तुला वाटेल तिथं."

ती मधल्या खोलीत गेली.