वहिनींच्या प्रबंधातला गुडघा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर माझी स्वप्नंसुद्धा ऐकावी लागतात.

आमच्या घरात मी कॉम्प्युटरवाला. म्हणजे काय, तर राउटर बंद करून पुन्हा चालू करणारा. एवढ्यावर इंदिरानगरच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये माझं नाव झालं. नाव झालं की माणूस बिघडतो. निदान मी बिघडलो.

वहिनी – माझ्या थोरल्या भावाची बायको – पन्नाशीला टेकल्यावर पीएच.डी. करत होत्या. विषय, सुरगाण्याकडची नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती. पाड्यांवर हिंडून, छोट्या मराठी मासिकांतले जुने लेख हुडकून, एकेक संदर्भ त्यांनी संदर्भसूची बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने भरला होता, इंग्रजी अक्षरांत. प्रबंध द्यायच्या आधीच्या रविवारी म्हणाल्या, "भाऊजी, हे ऑनलाइन डेटाबेसला जोडून द्या ना. राहिलेले अंक, पानं-बिनं आपोआप भरतात म्हणे."

दिलं जोडून. सॉफ्टवेअरने विचारलं, सापडलेल्या माहितीने सगळ्या नोंदी बदलू का? एकेक तपासायची सोय होती. पण दादा, पोरं, सगळे पाठीशी उभे, कुणीतरी म्हणालं, "काका म्हणजे काका!" अशा वेळी एकेक तपासत बसणारा माणूस हुशार दिसतो का? मी 'सगळ्या' दाबलं.

आता आपल्याकडे एस. पवार किती? वहिनींच्या एस. पवारांचा नागलीवरचा लेख डेटाबेसमध्ये नव्हताच. दुसऱ्या कुणा एस. पवारांचा होता – गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवरचा. नागली जाऊन तिथे गुडघा आला, तो मी पाहिला. हो, पाहिला. असे आणखीही असतील, हेही कळलं. आणि लॅपटॉप मिटून म्हणालो, "झालं. चहा टाका."

परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. न वाचलेले संदर्भ घुसडलेत, असा शेरा. गाइडनी तो विभागात सगळ्यांसमोर वाचला. गुडघ्यापाशी लोक हसले म्हणे. डिग्री नाही म्हणून, त्या तात्पुरत्या शिकवायच्या त्या कॉलेजातली कायमची जागाही गेली.

त्या संध्याकाळी वहिनींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज चढवला नाही. "भाऊजी, जोडताना काही बदललं होतं का हो?"

फक्त 'हो' म्हणायचं होतं. किती लहान शब्द – मी म्हणालो, "छे हो, वहिनी. भरतानाच तुमच्याकडून काहीतरी झालं असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. "वय झालं आता."

चूक माझी होती – आणि ती त्यांच्या गळ्यात मीच घातली. प्रबंध त्यांनी पुन्हा दिला नाही. आता गॅसचं बुकिंग केलं तरी मोबाइल माझ्यापुढे धरतात. "बघा हो जरा, माझं चुकतं." मी चष्मा लावून बघतो. त्यांचं काही चुकलेलं नसतं. तेव्हाही नव्हतं.