चेडोबाच्या माथ्यावरचा नारळ

कल्याणपासून दक्षिणेस, मानपाड्याची भातशेते मागे टाकून मलंगच्या डोंगरांकडे चालू लागले म्हणजे पायवाट एका उघड्या माळावर येत असे. त्या माळाच्या टोकाला एकच सुळका उभा होता. खालून पाहणाऱ्यास तो जवळ वाटे आणि सोपाही वाटे. परंतु त्याच्या माथ्यावर पाऊल ठेवलेला मनुष्य आसपासच्या एकाही गावात नव्हता. माथ्यावर चेडोबाचे ठाणे आहे, असे सर्वजण मानत. देव वर आणि माणसे खाली, ही वाटणी फार जुनी होती आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

हौसाबाई ही मानपाड्याची लेक. लग्न होऊन ती सुळक्याच्या पायथ्याशी, शिरवळपाड्यात आली, तेव्हा आगगाडी कल्याणास येऊन बरीच वर्षे लोटली होती. तिचा नवरा सहदेव पावसाळ्यात खंडाने घेतलेल्या जमिनीत भात लावी, आणि दिवाळीनंतर डोंगरउतारावरचे गवत कापून त्याचे भारे कल्याणच्या व्यापाऱ्यांकडे बैलगाडीने पोचवी. तो अंगाने सडपातळ आणि बोलण्यात थोडका होता. गवत कापणाऱ्यांमध्ये उतारावर त्याच्याइतका न घसरणारा पाय दुसऱ्या कोणाचा नव्हता, आणि या पायांवर त्याचा विश्वासही होता.

त्यांची पहिली मुलगी पाचवीची पूजा होण्याआधीच गेली. दुसरा मुलगा रांगू लागला आणि एका श्रावणात तापाने गेला. तिसरा जन्मला तेव्हा त्याचे नाव दगडू ठेवले, ते अशासाठी की मृत्यूला तो नेण्याजोगा वाटू नये. एवढे करूनही तान्हेपणीच दगडूला ताप चढला आणि त्याचे डोळे फिरले. हौसाबाई पोराला छातीशी धरून बसली. सहदेव अंगणात गेला आणि सुळक्याकडे तोंड करून नवस बोलला.

येथे त्या भागातील रीत सांगितली पाहिजे. सुळक्याच्या बुडाशी शेंदूर लावलेला एक सपाट दगड होता. त्याला पायरी म्हणत. ज्याला नवस बोलायचा त्याने पायरीचा बोलावा, आणि काम झाल्यावर पायरीवर नारळ वाढवून मुलाचे जावळ तेथेच काढावे. माथ्याचा नवस कोणी बोलत नसे. सहदेव मात्र त्या दिवशी म्हणाला, "चेडोबा, पोर वाचव. तुझ्या माथ्यावर येऊन नारळ वाढवीन, तवाच याच्या डोक्याला वस्तरा लावीन."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. भावकीतले वडीलधारे दौलतकाका चौकशीला आले.

"पायरी बोललास ना रे?"

"नाय काका. माथा बोललो."

दौलतकाकांनी वर सुळक्याकडे पाहिले. मग म्हणाले, "देवानं पायरी ठेवली ती आपल्यासारख्यांसाठीच. माथा कशाला बोललास?"

"दोन पोरं पायरीवर बोलूनच गेली, काका. मना पायरी कमी वाटली."

बोललेला नवस बदलता येत नव्हता आणि बोलणारा जिवंत असेतो तो दुसऱ्याने फेडूनही चालत नव्हता. फिटला नाही तर देव दिलेले परत नेतो, हे हौसाबाई लहानपणापासून ऐकत आली होती. त्या दिवसापासून तिच्या मनाला एकच घोर लागला. सहदेव वर पोचला, तर पोर तिचे होते. तो पोचेपर्यंत ते देवाकडून मागून आणलेले होते.

दरवर्षी माघी पौर्णिमेनंतर, कातळ सुकला की सहदेव निघे. वर नारळ वाढवल्यावर त्याने गवताचा धूर करावा आणि धूर दिसताच पायरीवर बसलेल्या काळुराम न्हाव्याने दगडूच्या डोक्याला वस्तरा लावावा, असे ठरले होते. खिंडीपर्यंत कोणीही जाऊ शके. खिंडीच्या वर एक अरुंद घळ होती, तीही सहदेवला जमे. घळीच्या वर मात्र दगडाची उभी, गुळगुळीत पाठ लागे. तेथे हाताला जो कंगोरा सापडे, तोच तुटून हातात येई. पहिल्या वर्षी तो तेथून परतला. दुसऱ्या वर्षीही परतला. काळुराम वस्तरा धोकटीत ठेवी आणि म्हणे, "धार काय कुठं जात नाय, सहदेवा. पुढल्या साली बघू."

एकदा जेवताना हौसाबाईने विचारले, "तिथं गेल्यावर व्हतं काय तुमाला?"

सहदेव म्हणाला, "तिथून पायरी दिसते गो. तुझा पदर दिसतो. पोर दिसतं. मग पाय पुढं जात नाय."

पुढच्या वर्षी हौसाबाई पायरीवर गेलीच नाही. मुलाला काळुरामच्या हवाली करून ती घराचे दार लावून आत बसली. सहदेव संध्याकाळी खरचटलेले कोपर घेऊन परत आला. तिने काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "आज तू दिसली नाय. कुठं गेली म्हणून तेच बघत राहिलो." यावर दोघेही हसले, पण तिला त्या हसण्याचे फार वाईट वाटले.

एका हिवाळ्यात आगगाडीच्या कामावरचा एक गोरा साहेब दोर, लोखंडी मेखा आणि तंबू घेऊन माळावर उतरला. त्याने सहदेवला ओझ्यासाठी बरोबर घेतले. साहेबाने घळीवरच्या दगडी पाठीवर मेखा ठोकल्या. त्या दगडासकट निघून आल्या. दोन वेळा प्रयत्न करून साहेबाने तंबू आवरला. सहदेव घरी आला तो हसत.

"साहेब बोलतो, वर काय नाय, नुसता दगड हाय. मग आला कशाला व्हता तो?"

"त्याला परत जायला येतं," हौसाबाई म्हणाली. "त्यानं नवस नाय केला."

दगडू मोठा होत चालला तसे त्याचे केस पाठीवर रुळू लागले. हौसाबाई त्यांना तेल लावून वेणी घाली. इतर मुले त्याला खेळात नवरी करत. विहिरीवर मालन नावाची एक शेजारीण होती. तिची जीभ कधी स्वस्थ नसे. ती म्हणे, "हौसे, तुझ्या पोरीला स्थळ बघितलंस का गो?"

"बघितलंय. तुझ्याच घरी देणार हाय. देजाचे पैसे मोजून ठेव."

बायका हसत आणि हौसाबाईही हसे. घागर डोक्यावर घेऊन घराकडे वळली की मग तिचा चेहरा बदले.

दगडू गुरे राखू लागला त्या सुमाराची गोष्ट. माघातल्या ठरलेल्या दिवशी सारी मंडळी पायरीवर बसली होती. ऊन चढले. एकाएकी मालन उभी राहिली आणि वर बोट दाखवून म्हणाली, "धूर."

सुळक्याच्या माथ्यामागून निळसर धुराची रेघ वर जात होती. दौलतकाकांनी डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि मान हलवली. हौसाबाईने पायरीवर डोके टेकले. बायकांनी तिच्या कपाळाला हळद लावली. काळुरामने दगडूला पुढे घेतले, वेणी सोडली आणि केस पाण्याने भिजवले. परंतु बाप खाली येऊन समोर उभा राहील तेव्हाच वस्तरा लावावा, असे दौलतकाकांच्या मनात आले, म्हणून त्यांनी काळुरामला थांबवले. भिजलेल्या डोक्याने मुलगा उन्हात बसून राहिला.

सहदेव खाली आला तेव्हा सगळ्यांचे चेहरे फुललेले होते. काळुरामने वस्तरा उघडला. सहदेवने एकदा वस्तऱ्याकडे, एकदा बायकोच्या हळद लावलेल्या कपाळाकडे पाहिले.

"आटप, काळुराम," दौलतकाका म्हणाले. "बाप आला."

सहदेव म्हणाला, "धूर माझा नव्हता."

काळुरामने वस्तरा मिटला.

"पलीकडच्या अंगाला ठाकरांनी मोहोळाला धूर केलाय. मी पाठीवरूनच फिरलो. नारळ हा हाय." त्याने कमरेचे फडके सोडले आणि न फुटलेला नारळ पायरीवर ठेवला.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर हौसाबाई म्हणाली, "गप राहिला असतात तर कोणाला कळलं असतं?"

"ज्याला बोललो त्याला," सहदेव म्हणाला. तिला हे उत्तर ठाऊकच होते. तरीही ती पुष्कळ दिवस त्याच्यावर मनातून रागावलेली राहिली, आणि या रागाची तिला स्वतःलाच लाज वाटे.

त्यानंतरही सहदेव जात राहिला. त्याच्या केसांत पांढरे दिसू लागले, बोटांची पेरे सुजून जाड झाली. दगडूला मिसरूड फुटू लागले तेव्हा तो बापाला म्हणाला, "बा, मी येतो. माझे हात लांब हायत."

"बोललो मी. तू नाय बोललास," सहदेव म्हणाला. "तू खिंडीच्या वर पाय टाकायचा नाय. आईच्या गळ्याची आण हाय तुला."

त्याच वर्षी लावणीच्या दिवसांत, चिखलात उभा असताना, सहदेवला हुडहुडी भरली. छातीत कफ साठला. हौसाबाईने काढे दिले, शेक दिला. वैदूने पाहिले आणि डोळे खाली केले. शेवटच्या दिवशी सहदेवचा उजवा हात गोधडीवर काहीतरी चाचपत होता. दौलतकाकांना वाटले, पाणी मागतो आहे. हौसाबाईला ठाऊक होते की तो कंगोरा शोधतो आहे. तिने आपला हात त्याच्या हातात दिला. त्याने तो घट्ट धरला, आणि तो तसाच धरलेला असताना त्याचा प्राण गेला.

दहाव्या दिवशी ओढ्याच्या काठी क्रिया होती. रीतीप्रमाणे बापाच्या दहाव्याला मुलाने क्षौर करायला हवे, आणि या मुलाच्या डोक्याला तर अजून वस्तराच लागलेला नव्हता. काळुराम अडून बसला. "कोणाचं म्हणून काढू? देवाचं की बापाचं?" त्याने विचारले. कल्याणहून आलेले भटजी म्हणाले, "बापाचं. बाप एकदाच मरतो." दगडूने मान खाली घातली. इतकी वर्षे धार लावून ठेवलेला तो वस्तरा काळुरामने अखेरीस चालवला. त्याचे डोळे वाहत होते. लांब केस पाण्यात पडले आणि प्रवाहाने गेले. हौसाबाई बायकांसह वरच्या अंगाला करंजाखाली उभी होती. तिथूनच तिने ते पाहिले.

मग पिंड ठेवला. करंजावर कावळे होते. त्यांतला एक खाली आला, पिंडाभोवती फिरला, आणि न शिवताच फांदीवर जाऊन बसला. मृताची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, आणि ती पुरी करण्याचे वचन घरच्यांनी दिले म्हणजे शिवतो, असा समज आहे. दौलतकाकांनी हात जोडून म्हटले, "सहदेवा, पोराला आमी संभाळू." कावळा हलला नाही. "तुझ्या बैलांना विकणार नाय." कावळा हलला नाही. सहदेवचे काय राहिले होते, हे तेथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते, पण ते कोणी उच्चारत नव्हते. उन्हाचा चटका वाढला. लोक एकमेकांकडे आणि मग हळूहळू दगडूकडे पाहू लागले.

दगडू ओला पंचा नेसून पुढे झाला. त्याचे मुंडन केलेले डोके लहान मुलासारखे दिसत होते. त्याने हात जोडले. "बा," तो म्हणाला, "मी जाईन..."

हौसाबाई बायकांतून निघाली. क्रियेच्या जागी बाईने जायचे नसते, याचे तिला भान राहिले नाही. तिने मुलाच्या तोंडावर हात दाबून धरला आणि कावळ्याकडे पाहिले.

"तुमचं राहिलंय ते मना ठाव हाय," ती म्हणाली. "पण पोराला मी धाडणार नाय. तुमी बोललात, तुमी फेडायला गेलात, संपलं. रागवायचं तर माझ्यावर रागवा. देवाला पण सांगा, काय घ्यायचं ते माझ्याकडून घे."

तिच्या हाताखाली दगडू हुंदके देत होता. ती सोडीना. बराच वेळ सगळे तसेच उभे राहिले. मग कावळे एकामागून एक उडाले आणि भातशेतांवरून मानपाड्याच्या दिशेने गेले.

भटजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला. शास्त्र पुरे झाले.

परतताना दौलतकाका तिच्याजवळून चालले. "नाय शिवला, हौसे," ते म्हणाले.

"नाय शिवला," ती म्हणाली.

यानंतर हौसाबाई पुष्कळ वर्षे जगली. तिने दगडूचे लग्न केले, सून आणली, नातवाचे जावळ पायरीवर काढले. बाहेरून पाहणाऱ्यास ती सुखी म्हातारी दिसे. परंतु दगडू गवताची गाडी घेऊन कल्याणास गेला आणि परतायला उशीर झाला, की ती माळावर जाऊन उभी राही. तो शिंकला तरी तिचा हात थांबे. गाठीच्या तापाची साथ आली आणि लोक घरे सोडून शेतांत झोपड्या घालून राहिले, त्या दिवसांत तिने मुलाला डोळ्यांआड होऊ दिले नाही. सून म्हणे, "आत्याबाई, आता तुमी निजा." ती निजत नसे. आपण दहाव्याच्या दिवशी नवऱ्याला उपाशी धाडले आणि देवाला रिकाम्या हाताने परत पाठवले, हे तिने एकट्या मालनजवळ एकदाच बोलून दाखवले. एरवी टर उडवणाऱ्या मालनने तेव्हा तिचे डोके आपल्या मांडीवर घेतले.

साथ ओसरल्यावर एका भाद्रपदात हौसाबाईच अंथरुणाला खिळली. अखेरच्या दुपारी तिने विचारले, "दगडू कुठं हाय?" तो उशाशीच होता. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवून ते तापले आहे का, ते पाहिले. कपाळ थंड होते. तरीही तिचा हात खाली आला नाही; दगडूने तो दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला, तेव्हा ती गेलेली होती.

दगडू पुढे अगदी जख्ख म्हातारा होऊन, नातवंडांच्या घोळक्यात, आपल्या घरी वारला. चेडोबाने त्याला कधी परत मागितले नाही. ज्या बाईला हे कळायला हवे होते, ती मात्र आयुष्यभर त्या मागणीची वाट पाहत राहिली होती.