तिण्णैवरची खुर्ची

चामडं आणि रेक्झिन यांतला फरक मी आता डोळे मिटून सांगेन. चामडं तळव्याखाली हळूहळू ऊब धरतं, रेक्झिन घामानं चिकटतं. चामड्यावरची छिद्रं वेडीवाकडी, जनावराच्या अंगावर होती तशीच. रेक्झिनवरची साच्यातली, एकासारखं दुसरं. आणि उलटी बाजू तर खोटं बोलतच नाही. चामड्याला मागे लव असते, रेक्झिनला विणलेलं कापड. एवढी साधी गोष्ट आमच्या घरात एकालाही ठाऊक नव्हती, याची चीड मला अजून येते.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती खुर्ची माझ्या जन्माआधी तंजावुरातच एका लिलावात घेतली होती. उंच पाठीची, सागवानी हातांची, गडद तपकिरी. "अस्सल चामडं! साहेबाच्या वेळचं!" अशी फुशारकी मारत ते ती घेऊन आले आणि तिथंच घात झाला. आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. आमच्या पुढच्याच खोलीत देव. देवासमोर चामडं कसं येणार? खुर्ची तिण्णैवर, रस्त्याकडच्या ओट्यावर राहिली आणि तिच्याबरोबर अप्पाही. तिच्यातून उठून आत यायचं तर पाय धुवायचे, नेसलेली वेष्टी, म्हणजे धोतर, बदलायची, मगच जेवायला बसायचं.

"मृदंग बरा चालतो तुला! तो काय केळीच्या पानाचा असतो?" अप्पा बाहेरून चिडवायचे.

"मृदंगावर कोण बसतें?" आई आतून.

पुढे घरोघर केबल आली. आम्ही आत पंख्याखाली क्रिकेट बघायचो आणि अप्पा खिडकीच्या गजांतून. "सरकारनं देशाची दारं उघडली म्हणे," ते म्हणायचे, "आमच्या घरचं सरकार काही ऐकत नाही." आम्ही हसायचो. आईसुद्धा हसायची.

मग त्यांच्या छातीत पाणी साठायला लागलं. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. उंच पाठीला टेकून बसले तरच डोळा लागायचा आणि तशी पाठ घरात एकाच खुर्चीला. मार्गळीचे, ऐन थंडीचे दिवस, बाहेर दव पडत होतं. त्यांना तिण्णैवर बसवायची सोय नव्हती.

"ती खुर्ची आत आण गं," अप्पांनी आईला सांगितलं.

आईनं उशा रचल्या. प्लास्टिकची नवी खुर्ची आणवली. रात्रंदिवस पाठ चोळली, नवस बोलली. पण ती खुर्ची काही आत आणली नाही. मी कडाकडा भांडले. तुझे देव खुर्चीला घाबरतात काय, असंही बोलले. ती रडली, पण बधली नाही. शेवटी मी अप्पांच्या कानाशी लागले. "रेक्झिनची आहे म्हणून ठोकून द्या ना! तिला काय कळतंय?"

अप्पा हसले आणि हसताना खोकले. "देवासमोर खोटं कशाला? राहू दे. भितें बिचारी."

प्लास्टिकच्या खुर्चीत, मान एका बाजूला कललेली, असेच ते गेले.

वर्षश्राद्ध झाल्यावर मद्रासहून जुन्या सामानाचा एक व्यापारी आमच्या गल्लीत फिरत आला. हॉटेलवाल्यांना असलं सामान हवं असायचं. त्यानं आमचा बिलोरी आरसा पसंत केला, मग तिण्णैवरची खुर्ची उलटी केली, बुडाचे खिळे उपसले, कड परतली आणि तमिळमध्ये म्हणाला, "हे रेक्झिन आहे, अम्मा. मला नको."

"अहो, नीट बघा!" मी ओरडलेच. त्यानं कड माझ्यापुढे धरली. खाली कापड होतं, पिवळट पडलेलं, उभे-आडवे धागे स्वच्छ दिसणारं. तो आरसा घेऊन गेला तरी मी तशीच उभी. अप्पांनी जे खोटं तोंडातून काढलं नाही, ते खरं होतं.

आई ओल्या हातांनी उंबऱ्यात आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, वाकली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं त्या खुर्चीला हात लावला. तिच्या हातावरचं पाणी बैठकीवर ठिबकलं आणि अळवाच्या पानावर राहावं तसं थेंबाथेंबानं उभं राहिलं. तिनं परतलेल्या कडेवरून बोटं फिरवली.

"कापड," ती म्हणाली. "कापडच की गं हें."

वर्षभर मी तिच्यावर राग धरून होते. तो कुठं गेला कोण जाणे. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "तुला कसं कळणार होतं, आई?"

"धर त्या बाजूनं," ती एवढंच म्हणाली.

आम्ही दोघींनी खुर्ची उचलली, उंबरा ओलांडला आणि देवांसमोर भिंतीला लावून ठेवली. आई तीत बसली नाही. पदर सारखा करून पुन्हा दारात गेली आणि रिकाम्या तिण्णैकडे बघत म्हणाली, "अहो, आत या."