मी जन्माला घातलेला न्यायाधीश

२०२१च्या वसंतात, लॉकडाऊनमध्ये, आयर्लंडमधल्या मेनूथ गावी भाड्याच्या खोलीत बसून मी एका अमेरिकन गृहस्थाचं अख्खं आयुष्य लिहीत होतो. आधी वकील, मग राज्याच्या विधिमंडळात आमदार, शेवटी फेडरल न्यायाधीश. एमएचा प्रबंध त्यांच्यावर होता. तो जमला तर पीएचडीची जागा, नाहीतर बॅग भरून पुणे.

अडचण एकच होती. गृहस्थ ऐंशीला टेकले तरी त्यांच्या नावाचे निकाल येतच होते. आपल्याकडे न्यायाधीशाला साठी-पासष्टीत शाल-नारळ देऊन घरी पाठवतात. मग हे कोण? मी डोकं लढवलं : मुलगा! अमेरिकेत बापाचंच नाव मुलाला ठेवतात, हे सिनेमांतून ठाऊक होतं, आणि वकिलाचा मुलगा कोर्टातच जाणार, हे सदाशिव पेठेतून.

मुलगा मला फारच आवडला. आमदार असताना वडिलांनी ज्या कायद्याच्या बाजूने मत दिलं होतं, तोच कायदा याने घटनाबाह्य ठरवला होता. बापाच्या सावलीतून बाहेर पडणाऱ्या त्या बंडखोरावर मी एक प्रकरणच लिहिलं. मानसशास्त्रासकट.

व्हिडिओ कॉलवर आमच्या गाइडबाईंनी शांतपणे विचारलं, "हा मुलगा तुला कुठे भेटला?"

मी निवृत्तीचं गणित समजावून सांगितलं. बाईंनी कॅमेरा बंद केला. चालू केला तेव्हा त्या डोळे पुसत होत्या.

"अरे, तिथे फेडरल न्यायाधीश तहहयात असतात."

मला पुण्याचं विमानतळ दिसायला लागलं.

"मुलगा काढून टाक," त्या म्हणाल्या. "मग उरतं काय? ऐंशीचा म्हातारा, तरुणपणी स्वतःच हात वर करून आणलेला कायदा रद्द करतोय. का केलं त्याने असं?"

"माहीत नाही, मॅडम."

"मलाही नाही. पीएचडीचा अर्ज यावरच लिही."

घरभाड्यात माझा भागीदार कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातला नाशिकचा इंजिनिअर. बंडखोराच्या कथा त्याने रोज जेवताना ऐकलेल्या. त्याला बातमी दिली.

"म्हणजे पोरगा गेला?"

"गेला."

"सुतक पाळायचंय, की अंडी टाकू?"

अंडी खाऊन मी प्रकरण पुसलं. जड गेलं, पोरगा गुणी होता. मग कोरं पान उघडून अर्ज लिहायला घेतला. पीएचडीची जागा मिळाली, आणि शरद ऋतूत मी म्हाताऱ्याकडे रीतसर रुजू झालो.